तंबू-बुटांच्या पैशातून डोंगर चढलेली गाडी : सर आदमजी पीरभॉय आणि नेरळ-माथेरान

घाटमाथा

नेरळ-माथेरानच्या गाडीवर लिहायला बसलं की माकडं, लाल माती आणि 'वन किस' बोगदा यांच्यापुढे लेखणी सरकत नाही. ही गाडी कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या हिशेबावर बांधली, हे बाजूलाच राहतं. म्हणून हा धागा.

आधी माणूस. आदमजी पीरभॉय, जन्म १८४६, काठेवाडातल्या धोराजीचे, म्हणजे तेव्हाच्या गोंडळ संस्थानातले. दाऊदी बोहरा. घरची गरिबी, कोवळ्या वयात मुंबईत रस्त्यावर काड्यापेट्या विकल्या असं सांगितलं जातं. पुढे त्यांचा जम बसला तो लष्करी पुरवठ्यात: तंबू, बूट, कातडी सामान. धारावीतली वेस्टर्न इंडिया टॅनरी त्यांचीच. १८९७ मध्ये, मुंबईत प्लेग असताना, ते शहराचे शेरिफ झाले. चर्नी रोडचं सॅनिटोरियम त्यांच्या दानातलं. १९०७ मध्ये 'सर' ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला मुस्लिम लीगचं पहिलं वार्षिक अधिवेशन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. १९१३ मध्ये वारले.

आता गाडी. आराखडे १९०० च्या सुमाराचे, प्रत्यक्ष काम १९०४ ला सुरू, २२ मार्च १९०७ ला वाहतूक खुली. पैसे आदमजींचे, जागेवर उभं राहून काम करवून घेतलं ते मुलगा अब्दुल हुसेन यांनी. खर्च सुमारे १६ लाख रुपये. लांबी सुमारे २१ किलोमीटर, दोन रुळांमधली रुंदी दोन फूट. नेरळ समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर, माथेरान आठशेच्या आसपास.

आदमजींना एकदा माथेरानला जायला वाहन मिळालं नाही आणि त्यांनी तिथेच पण केला, ही गोष्ट सगळीकडे छापलेली असते. ती इथे पुन्हा नको. नुसता पण केल्याने रूळ पडत नाहीत. भांडवल, चढ, इंजिनं, देखभाल यांवर बोलू. जाणकारांनी भर घालावी.

वाचनखूण

धागा आवडला, वाचनखूण साठवली. एक शंका. रेल्वे आणणारा मुंबईचा व्यापारी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर नाना शंकरशेट येतात. मग आदमजींचं वेगळेपण काय? दोघेही पैसेवालेच की.

हिशेबनीस

वेगळेपण पैसा कोणाचा यात आहे.

नाना (१८०३–१८६५) आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी १८४५ च्या सुमारास रेल्वेसाठी संस्था काढली. पुढे तो सगळा उद्योग ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीत मिसळला. १८४९ मध्ये कंपनीचा कायदा झाला, भांडवल विलायतेत उभं राहिलं आणि त्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली. गाडी तोट्यात गेली तरी भागधारकाला ५ टक्के मिळणारच, फरक सरकारी तिजोरीतून. नानांचं काम होतं पत उभी करण्याचं, सरकारदरबारी वजन टाकण्याचं, लोकांचा विश्वास मिळवण्याचं. ते थोर काम आहेच, पण नुकसानीचा खड्डा त्यांच्या अंगणात नव्हता.

आदमजींच्या बाबतीत भांडवल एका घराचं. तेव्हाच्या १ पौंडाला १५ रुपये या दराने १६ लाख म्हणजे जवळजवळ १ लाख ७ हजार पौंड. १३ मैलांनी भागा: मैलामागे सव्वा लाखाच्या आसपास. डोंगरातल्या कामाला हा आकडा काही अवाढव्य नाही, पण एका कुटुंबाला मोठाच.

आता तोच ५ टक्क्यांचा मापदंड इथे लावून पाहा. १६ लाखांवर वर्षाला ८० हजार. ही गाडी पूर्वी मधल्या जूनपासून मधल्या ऑक्टोबरपर्यंत बंदच ठेवायचे, म्हणजे धंद्याचे दिवस धरा २४०. कोळसा, पगार, रूळदुरुस्ती सगळं भागवून रोज ३३३ रुपये हातात उरले तरच पैसे बँकेत ठेवल्याइतकं समाधान. त्या २४० दिवसांतही खरी गर्दी उन्हाळ्याची सुट्टी आणि दिवाळीपुढचे आठवडे. परत आणताना डबे तेवढेच, माणसं मात्र त्या दिवशी उतरतील तेवढी. माल म्हणाल तर वर जाणारा: धान्य, भाजी, रॉकेल. खाली यायला काय? माथेरानात ना कारखाना ना शेती.

धंद्याच्या नजरेने बघितलं तर हा फार वाईट रूळमार्ग आहे. आदमजींसारख्या मुरलेल्या पुरवठादाराला हे कळलं नसेल हे शक्यच नाही. म्हणूनच मला वाटतं, या गाडीतला प्रत्येक तांत्रिक निर्णय 'कमीत कमी खोदकाम' या एकाच अटीवर घेतलेला दिसतो.

दोनफुटी

हिशेबनीस यांच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत, आणि ते आकड्यांत दाखवता येतं.

चढायचं आहे साधारण ७६० मीटर. कमाल चढ ठेवलाय वीसात एक, म्हणजे २० मीटर चाललं की १ मीटर वर. अख्खा मार्ग त्याच चढाचा केला तरी १५.२ किलोमीटर लागतात. प्रत्यक्षात सुमारे २१ आहेत, म्हणजे सरासरी सत्तावीस-अठ्ठावीसात एक. मधले सपाट तुकडे, स्टेशनं आणि वळणावर हलका केलेला चढ यांत बाकीची लांबी गेली. हाच मार्ग कालका-सिमल्यासारखा तेहेतीसात एक धरून आखला असता तर नुसत्या चढालाच २५ किलोमीटर लागले असते, आणि या डोंगराच्या अंगाला एवढी लांबी गुंडाळायला जागा कुठे आहे? मग पूल आले, बोगदे आले. सिमल्याच्या मार्गावर शंभरावर बोगदे आहेत, आणि त्या कंपनीचा खर्च इतका वाढला की १९०६ मध्ये सरकारला ती विकत घ्यावी लागली. माथेरानला एकच बोगदा.

दुसरी बचत रुंदीत. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. पूर्ण वर्तुळ धरलं तर हा फरक फक्त रुळांच्या रुंदीवर ठरतो: २ × ३.१४ × रुंदी. ब्रॉडगेजला (१६७६ मिमी) साडेदहा मीटर, दोनफुटीला (६१० मिमी) ३.८ मीटर. दोन्ही चाकं आसाला पक्की बसवलेली असल्याने हा फरक घसपटतच भरून निघतो. तो जितका कमी तितकं वळण अधिक आवळता येतं. वळण आवळलं की रूळ डोंगराच्या सोंडेला चिकटून जातो, ओहोळावर कमान टाकायची तीही टीचभर, आणि सोंड फोडायची वेळ येत नाही.

तिसरी बचत लोखंडात. मुळात ३० पौंडी रूळ होते, म्हणजे यार्डाला ३० पौंड, मीटरला साधारण १४.९ किलो. २१ किलोमीटरला दोन्ही बाजू धरून सव्वासहाशे टन. नंतर ४२ पौंडी घातले, ते मीटरला २०.८ किलो. नुसत्या या फरकाने अडीचशे टन पोलाद वाढलं. पहिल्याच दिवशी ४२ पौंडी घातले असते तर एवढं लोखंड विलायतेहून आणून, बंदरात उतरवून नेरळपर्यंत पोचवायला लागलं असतं.

बचतीची किंमत गाडीला रोज मोजावी लागते, त्यावर नंतर लिहितो.

जुम्मापट्टी

मार्ग कसा जातो ते नकाशा नसलेल्यांसाठी लिहून ठेवतो, म्हणजे पुढची चर्चा समजेल.

नेरळहून निघाल्यावर गाडी हरदळ टेकडीच्या रोखाने जाते. मग उत्तरेकडे वळून माथेरानच्या मुख्य डोंगराला भिडते. जुम्मापट्टीपाशी रस्ता आणि रूळ जवळजवळ अंगाला अंग लावतात. पुढे भेकरा खिंडीपर्यंत चढ चांगला जाणवतो, मग थोडी सपाटी. नंतर माउंट बॅरीचा उंचवटा आडवा येतो.

खरी हुशारी इथे आहे. दार्जिलिंगला अशा जागी गाडी थांबवून उलट्या दिशेने वर ढकलायची, असे 'रिव्हर्स' केले आहेत. माथेरानला तसं केलं असतं तर दर फेरीला इंजिन थांबवा, कॅबिनवाला उतरवा, सांधे फिरवा, हे आलं; शिवाय डब्यांची संख्या त्या आंधळ्या फाट्याच्या लांबीत बसवावी लागली असती. त्याऐवजी घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोठा भराव घालून रूळ उत्तरेला लांब नेऊन अलगद परत फिरवला आणि त्या वळशातच तो एकमेव बोगदा घेतला. म्हणजे बोगद्याचा खर्च केला तो दर फेरीचा वेळ आणि दोन माणसांचा पगार वाचवायला. पुढे पॅनोरामा पॉइंटखाली आणखी दोन वळसे, मग कटिंगमधून सिम्पसन टँकच्या बाजूने माथेरान बाजार.

स्टेशनं: नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान. वॉटर पाइपचं नाव वाफेच्या काळातलं, इंजिन तिथे पाणी प्यायचं. चढावर पाणी किती लागतं हे कोळसेवाले सांगतील.

कोळसेवाला

हाक मारलीत म्हणून आलो. इंजिनांवर लिहितो.

चार इंजिनं, जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची, सहा चाकांची. पुढच्या काळात त्यांचे क्रमांक ७३८ ते ७४१. सहाही चाकं जोडदांड्यांनी बांधलेली, म्हणजे सगळं वजन ओढण्याच्या कामी. पुढे-मागे मोकळी चाकं नाहीत. वीसात एकच्या चढावर हे गरजेचंच, कारण मोकळ्या चाकावर पडलेलं वजन नुसतं ओझं असतं.

पण सहा जोडलेली चाकं सरळ चौकटीत घट्ट बसवली तर आवळ वळणावर ती अडकतात, पुढच्या चाकाची कड रुळावर चढायला बघते. त्यावरचा तोडगा म्हणजे क्लिन-लिंडनर आस. समजावून सांगतो, कारण लोक याला 'बोगी' समजतात, तशी ती नाही.

चौकटीत जो आस फिरतो तो आतला, भरीव. त्याच्यावर एक पोकळ नळीसारखा बाहेरचा आस चढवलेला, आणि चाकं या पोकळ आसावर पक्की. दोन्हींची गाठ फक्त मधोमध: आतल्या आसाला चेंडूसारखा गोल फुगवटा आणि त्यातून आडवी खीळ. खिळीमुळे फिरण्याचा जोर आतून बाहेर जातो, फुगवट्यामुळे बाहेरचा आस थोडा तिरपा होऊ शकतो आणि थोडा बाजूला सरकू शकतो. पहिल्या आणि तिसऱ्या आसाला ही रचना, मधला साधा. त्यामुळे वळणात पुढची चाकं एका बाजूला तिरपी, मागची दुसऱ्या बाजूला, आणि जोडदांडे मात्र आतल्या आसाला असल्याने सरळच फिरतात.

यात बिघडतं काय? गोल फुगवट्याची आणि खिळीच्या खोबणीची झीज. तिथे तेल पोचवणं अवघड, आणि धूळ गेली की ती घासपेपरसारखं काम करते. झीज वाढली की इंजिन सरळ रुळावरही डुलायला लागतं, आणि आस काढून फुगवटा पुन्हा भरून घासायचा तर सगळं इंजिन उचलावं लागतं. चार इंजिनांतलं एक कायम शेडमध्ये धरूनच वेळापत्रक बांधावं, अशी ही रचना.

पाण्याचं: वीसात एकच्या चढावर तीन मीटर लांबीच्या बॉयलरमध्ये दोन टोकांच्या पातळीत १५ सेंटिमीटरचा फरक पडतो. भट्टीचं छत कायम पाण्याखाली राहिलं पाहिजे, नाहीतर ते तापून मऊ पडतं. म्हणून अशा मार्गांवर साधारणपणे धुराडं चढाकडे करून जातात. पाणी मागे, भट्टीकडे येतं. धोक्याची जागा चढ संपतो ती. इंजिन सपाटीला लागलं की तेच पाणी पुढे पळतं, पाणी दाखवणाऱ्या काचेतली पातळी एकदम खाली दिसते. चढ संपायच्या आधी पाणी भरून ठेवणं हे फायरमनच्या हातचं काम. आणि जास्त भरलं तर सिलिंडरमध्ये वाफेबरोबर पाणी जातं, ते वेगळंच दुखणं.

बार्शीकर

इंजिनांच्या मागे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचं नाव घेतलंच पाहिजे. ही इंजिनं त्यांच्या आराखड्यावरची. हेच गृहस्थ बार्शी लाइट रेल्वेचे कर्ते. १८९५ मध्ये विलायतेत कंपनी नोंदवली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू केली. तिथे रुंदी अडीच फूट. त्यांचा सिद्धान्त असा की सगळ्या गाडीचा भार, इंजिन असो की मालडबा, दर आसाला ५ टनांच्या आत सारखा वाटायचा. मग ३० पौंडी रूळ पुरतो, आणि रूळ हलका तर पूलही हलके, खडीही कमी.

बार्शीला हे गणित जमलं कारण मुलूख सपाट, कापूस आणि धान्य भरपूर, आणि १९०६ ला पंढरपूरला फाटा गेल्यावर वारीची गर्दी. वर्षभर धंदा. पुढे ती लातूर, मिरजपर्यंत वाढली, १९५४ ला सरकारने घेतली. माथेरानला ३० पौंडी रूळ आला तो याच विचारातून, पण खाली बार्शीची काळी माती नव्हे, सह्याद्रीची कड होती.

नात्याचा आणखी एक धागा शिल्लक आहे. माथेरानच्या डब्यांची मोठी दुरुस्ती कुर्डुवाडीच्या कारखान्यात होते.

शंकासुर

एक मूलभूत प्रश्न. एवढं करून पावसाळ्यात बंद का? कोकण रेल्वे चालते, लोकलही पाण्यातून चालते. आदमजींनी बारमाही का नाही बांधली?

दोनफुटी

याचं उत्तर दोन भागांत.

एक, घर्षण. हिशेबासाठी इंजिन २० टनांचं धरा. कोरड्या रुळावर चाकाची पकड वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी: ४००० किलोची ओढ. वीसात एकच्या चढावर दर टनाला ५० किलो नुसता चढ खातो, घर्षण आणि वळणाचे आणखी १० धरा, एकूण ६०. इंजिन स्वतःलाच वर न्यायला १२०० किलो खर्चतं. उरले २८००, म्हणजे मागे सेहेचाळीस टनांची गाडी. आता पाऊस पडला, रुळावर पालापाचोळा आणि लाल चिखल बसला, पकड दहाव्या हिश्शावर आली. ओढ २०००, स्वतःसाठी १२०० गेले, उरले ८००, म्हणजे मागे फक्त तेरा टन. पकड निम्मी झाली तर गाडी निम्मी होत नाही, पाव होते! सपाट मार्गावर हा फरक असा डोळ्यांत भरत नाही. रुळावर वाळू टाकून थोडं सावरतं, पण जोरदार पावसात वाळू टिकत नाही, आणि उतरताना ब्रेकलाही हीच अडचण.

दोन, जमीन. माथेरानचा माथा जांभ्याचा, खाली काळा पाषाण. जांभा सच्छिद्र, पाणी पितो. ते पाणी खालच्या कातळावर अडतं आणि दोन थरांच्या सांध्यातून कड्याच्या पोटातून बाहेर पडतं. नेमका तिथेच, कड्याच्या पोटाला, रूळ चिकटवलेला. वरून दगड-माती येते आणि खालचा भराव वाहून जातो. बारमाही करायची तर वरच्या अंगाला पाणी अडवणारे पक्के नाले, दर ओहोळाला मोठी मोरी, भरावाला दगडी भिंत, निखळणाऱ्या कड्याला जाळी. आदमजींच्या १६ लाखांत हे बसणारं नव्हतं, आणि पावसाळ्यात तेव्हा माथेरानला जाणारं गिऱ्हाईकही नव्हतं. चार महिने बंद ठेवून सप्टेंबर-ऑक्टोबरात ढिगारा उपसायचा, खडी भरायची, हेच स्वस्त.

२६ जुलै २००५ च्या पावसाने काय केलं आठवत असेल. मार्ग जागोजागी उखडला. दुरुस्ती होऊन गाडी सुरू झाली मार्च २००७ मध्ये, शंभरीच्या तोंडावर. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा तेच, नेरळपासूनची पूर्ण सेवा परत यायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. अमन लॉज ते माथेरान हा वरचा तुकडा तेवढा लवकर सावरतो, कारण तो पठारावर आहे.

घाटमाथा

उत्तम. ब्रेकचा विषय निघालाच आहे तर तोही पूर्ण करा कोणीतरी. २०१६ मध्ये डबे घसरले, त्याचं कारण काय?

कोळसेवाला

नेमकं कारण चौकशीचा विषय, त्यावर तर्क नको. रचनेतल्या कमकुवत जागा मात्र सांगता येतात.

जुनी पद्धत हातब्रेकची. डब्याडब्यावर ब्रेकवाला बसायचा, इंजिनाच्या शिट्टीवर सगळ्यांनी चाक फिरवायचं. उतारावर इंजिनाच्या एकट्या ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही. मागचे डबे इंजिनाला ढकलतात, आणि वळणात हा धक्का सरळ न लागता बाहेरच्या बाजूला लागतो. एखादा ब्रेकवाला उशिरा लागला तर त्याचा डबा पुढच्यावर चढायला बघतो. उलट कोणी जास्त आवळला तर चाक फिरायचं थांबून घसरतं आणि त्यावर सपाट चट्टा पडतो. असं चाक मग दर फेऱ्याला रुळावर हातोडा मारत जातं.

दुसरी जागा रुळाची रुंदी. आवळ वळणात बाहेरचा रूळ सतत बाहेर ढकलला जातो. स्लीपरचे खिळे ढिले झाले की रुंदी वाढते. ब्रॉडगेजला दहा-बारा मिलिमीटर वाढले तर लक्ष ठेवायचं, दोनफुटीच्या छोट्या चाकाला तेवढ्यात आतलं चाक खाली पडायची भीती. म्हणून गँगमनने वळणावर रोज गेज लावून बघायचं, आतल्या रुळालगत चेकरेल (चाक घसरू नये म्हणून लावलेला जादा रूळ) असेल तिथे फटीत दगड अडकलेला नाही ना ते बघायचं. उतारावर रूळ सरकतात हाही प्रकार आहे: ब्रेकच्या ओढीने सगळा रूळ हळूहळू खाली जातो, खालच्या टोकाला सांधे मिटतात, वर उघडतात. उन्हाळ्यात मिटलेल्या सांध्याला फुगायला जागा नसते, मग रूळ बाजूला वाकतो.

२०१६ च्या मे महिन्यात दोनदा डबे घसरल्यावर सेवा बंद झाली. नंतर डब्यांना एअरब्रेक आले, दरीच्या बाजूला कठडे आले, वरची शटल २०१७ अखेरीस आणि पूर्ण मार्ग २०१८ च्या सुरुवातीला चालू झाला. एअरब्रेकने फायदा असा की सगळ्या डब्यांना एकाच वेळी, एकसारखा दाब. वेग मात्र तोच, वळणावर ताशी १२ किलोमीटर, कुठेही २० च्या वर नाही.

हिशेबनीस

थोडं अवांतर, पण 'आधी माणूस' म्हटल्यावर त्याच्या मागे काय राहिलं हेही आलं. आदमजींच्या पश्चात त्यांची मुलं बोहरा समाजातल्या सुधारणावादी बाजूला उभी राहिली. चंदाभॉय गल्ल्याचा (सेठ चंदाभॉय यांच्या कबरीवरच्या दानपेटीचा) १९१७ चा प्रसिद्ध दावा, धर्मगुरूंनी धर्मादाय पैशाचा हिशेब द्यावा की नाही याचा, त्यांच्याच पुढाकाराने अॅडव्होकेट जनरलच्या नावे मुंबई हायकोर्टात गेला. निकाल १९२१ चा. विश्वस्त कायदा शिकणाऱ्यांना तो आजही वाचावा लागतो.

शंकासुर

यात आदमजींचा काय संबंध? त्यांनी दावा लावला नाही.

हिशेबनीस

नाही लावला, म्हणून 'अवांतर' लिहिलं. पण हिशेब मागणारी मुलं पुरवठादाराच्या घरात वाढली, यात मला नवल वाटत नाही.

वाचनखूण

परत गाडीवर येऊ. जी चार इंजिनं सांगितली ती आता कुठे आहेत? आणि युनेस्कोच्या यादीत माथेरान आहे ना?

जुम्मापट्टी

यादीत नाही. भारतातल्या डोंगरी रेल्वेंपैकी दार्जिलिंग १९९९, निलगिरी २००५, कालका-सिमला २००८. माथेरानचं नाव तात्पुरत्या यादीपर्यंत गेलं, पुढे नाही. मला विचाराल तर तांत्रिकदृष्ट्या माथेरान त्या तिघींपेक्षा कमी नाही: निलगिरीसारखी दात्यांची पट्टी नाही, दार्जिलिंगसारखे रिव्हर्स नाहीत, तरीही वीसात एक. पण मूळ इंजिनं धावती नाहीत आणि रूळही पुष्कळ बदललेत, तिथे बाजू लंगडी पडते.

कोळसेवाला

युंग कंपनीची जर्मन डिझेल इंजिनं १९५० च्या दशकातच आली, नंतर एन.डी.एम.-६ जातीची डिझेल इंजिनं. वाफेची इंजिनं १९८० च्या दशकात निवृत्त झाली. त्यातलं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, ७४० क्रमांकाचं इंग्लंडला गेलं. बघायला गेलात तर जोडदांड्यांच्या मागे वाकून पाहा: पहिला आणि तिसरा आस मधल्यापेक्षा जाड दिसेल. तीच ती पोकळ नळी.

बार्शीकर

आणि नेरळला उतरलात तर शेडच्या बाजूला उभ्या डब्यांच्या दोन चाकांमधलं अंतर नजरेने मोजा, मग शेजारच्या लोकलचं मोजा. वळणाचं वर दिलेलं सगळं गणित फलाटावरच कळेल.